गुलाबभाऊची खिडकी

मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. चूक दिसली की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. दुकानाच्या पाटीवरची, लग्नपत्रिकेतली, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावरची, कुठलीही. माझी बायको महामाया म्हणते, “विहारात वंदनेला बसले तरी तुमचं लक्ष बाजूच्याच्या उच्चाराकडे.” खरं आहे ते. पण अख्ख्या आयुष्यात मी एका माणसाची एक चूक जाणूनबुजून पोटात घातली, आणि मग एका रविवारी नांदुऱ्याच्या भर हॉलमध्ये हात वर करून तीच सगळ्यांना दाखवली. दोन्ही वेळा मी चुकलो. कसा, ते सांगतो.

माणूस म्हणजे उंद्रीचे गुलाबराव. खामगाव रस्त्यावर त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती मोटारसायकलवर बांधून त्यांच्याकडे आणतात, आणि गुलाबभाऊ आतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरतात. चोवीस वर्षांचा असताना माझी पहिली नेमणूक उंद्रीला झाली आणि त्यांच्या दुकानामागची खोली मला भाड्याने मिळाली. गावात माझं कोणी नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दुकानाच्या बाकावर पट मांडला आणि मला हाक मारली.

“काय नाव म्हणले तुमचं?”

“देवानंद.”

“मास्तर हायेस नं? मंग डोकं असन. बस, देवा.”

तेव्हापासून अख्खं गाव मला गुरुजी म्हणायचं आणि गुलाबभाऊ मला देवा म्हणायचे. गावात मला एकेरी हाक मारणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्या एका हाकेमुळे मी उंद्रीत चौदा वर्षं राहिलो असं म्हटलं तरी चालेल.

त्यांनी मला बुद्धिबळ शिकवलं ते गावठी नियमांनी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. आपण पुस्तकात वाचतो तो किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्यात लपवायचं, हा प्रकार तिथे कोणाला ठाऊकच नव्हता. त्याऐवजी राजाला दुसरी सोय होती. त्याला अजून शह लागलेला नसेल तर अख्ख्या डावात एकदा त्याने घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची.

गुलाबभाऊंची सुरुवात त्या उडीवरच बेतलेली होती. राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे. त्या फटीतून उंट पार कडेपर्यंत बाहेर. मग घोडा बाहेर. आणि प्याद्यामागचं ते एक घर मोकळं ठेवायचं. त्या मोकळ्या घराला ते खिडकी म्हणायचे. राजा मात्र मधोमध बसलेला, जसं काही त्याला कशाची फिकीरच नाही. समोरच्याने राजावर सगळी फौज आणून रोखली की गुलाबभाऊ राजा उचलायचे, एका उडीत खिडकीत ठेवायचे आणि म्हणायचे, “बसला राजा हवा खात.” मग बशीतला चहा फुर्रकन प्यायचे. आलेली फौज तिथल्या तिथे फजीत. त्या एका वाक्याने मी किती संध्याकाळी चिडलो असेन आणि तेच ऐकायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो असेन, याला गणती नाही.

पुढे माझी बदली बुलढाण्याला झाली. तिथे मी पुस्तकी नियम शिकलो, घड्याळ लावून खेळायला शिकलो आणि स्पर्धांना जाऊ लागलो. बुलढाणा, खामगाव, अकोला, सलग अकरा वर्षं. कमाई काय, तर सहभागाची प्रमाणपत्रं. ती एका फाईलमध्ये लावलेली आहेत. महामायाने टीव्हीशेजारी एक जागा रिकामी ठेवली होती आणि पाहुणे आले की त्यांना मुद्दाम सांगायची, “इथे यांची ढाल येणार आहे.” मी हसायचो. पण आतून मला ते फार लागायचं.

निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी उंद्रीला जायचं मी ठरवून टाकलं. चिखलीला बस बदलायची की दुपारी दुकानात हजर. दुकान आता त्यांचा मुलगा गोकुळ सांभाळतो. गुलाबभाऊ एकाहत्तरचे आहेत, पण अवघड मोटार आली की त्यांनाच बोलवावं लागतं. गेल्या डिसेंबरात मी त्यांना मोबाइलवर नांदुऱ्याच्या स्पर्धेची जाहिरात दाखवली.

“मले बी खेळाचं हाय,” ते म्हणाले.

“तिथे पुस्तकी नियम आहेत, भाऊ.”

“तं मंग शिकव नं. मास्तर कायचा तू? मरायच्या आधी एकडाव त्या घड्याळावर खेळून पाह्यतो.”

मी तीन गुरुवार शिकवलं. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, हे शिकवलं. हात लावला ते मोहरं हलवावंच लागतं, हे शिकवलं. किल्लेकोट शिकवला, आणि वाटेतल्या घरावर शत्रूचा मारा असेल तर तो करता येत नाही, हेही शिकवलं. किल्लेकोट त्यांना फारच आवडला. “लय मस्त हाय बे हे, एका चालीत दोघं!” असं म्हणून त्यांनी आपल्या बायकोला, शालूबाईंना, आतून बोलावून तो दाखवला. त्यांनी चहाचे कप ठेवत, “तुमचं तुमी पाहा,” म्हटलं आणि त्या आत गेल्या.

पण पहिल्याच गुरुवारी डाव रंगात आल्यावर गुलाबभाऊंनी राजा उचलला, खिडकीत ठेवला आणि म्हणाले, “बसला राजा हवा खात.”

माझ्या तोंडाशी आलं होतं, भाऊ, ही उडी तिथे चालत नाही. पण ज्याने मला प्यादं कसं धरायचं ते शिकवलं त्याला, त्याच्याच बाकावर बसून, तुमची खिडकी खोटी आहे असं कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या गुरुवारी सांगू म्हटलं. पुढच्या गुरुवारी त्यांनी पुन्हा उडी मारली, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तोच बशीतला चहा, आणि मी पुढची चाल खेळलो. तिसऱ्या गुरुवारीही तेच झालं. आता त्यांचा समज पक्का झाला होता की किल्लेकोट ही नवी सोय आणि उडी ही जुनी, आणि दोन्ही चालतात. पोराच्या वहीतली चूक मी तीनदा पाहून सोडली असती तर मुख्याध्यापकाने मला फैलावर घेतलं असतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी उंद्रीला मुक्कामी गेलो. सकाळी आम्ही खामगावची बस धरली, तिथून नांदुऱ्याची. वाटेत सांगू, हेही ठरवलेलं होतं. पण गुलाबभाऊ धुतलेला सदरा घालून खिडकीशी बसले होते आणि इतके खुशीत होते की मी तेही टाळलं. मनाची समजूत काढली की किल्लेकोट एवढा आवडलाय, तर उडीची वेळच येणार नाही.

आणि पाच फेऱ्यांपर्यंत ती आलीही नाही. एका मंगल कार्यालयात टेबलं मांडली होती. निम्मे खेळाडू शाळकरी, पाण्याच्या बाटल्या घेऊन, एकेकाला सुरुवातींची वीस-वीस नावं पाठ. गुलाबभाऊंची सुरुवात मात्र त्यांच्या कुठल्याच यादीत नव्हती. पोरं त्या मोकळ्या घराकडे पाहत विचार करत बसायची आणि तेवढ्यात त्यांचं घड्याळ संपत यायचं. प्रत्येक डावात गुलाबभाऊंनी वेळेवर किल्लेकोट केला. पाचपैकी चार डाव जिंकले. मीही चार जिंकलो होतो, आणि ते माझ्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

साठीपुढच्या खेळाडूंसाठी एक ढाल होती. त्या वयाचे आम्ही मोजून सात जण, आणि पुढे आम्ही दोघंच. सहाव्या, शेवटच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या तेव्हा आमची नावं समोरासमोर होती.

गुलाबभाऊ हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. “पाह्य देवा, ढाल आपल्याच बाकावर येते. तू घे नाही तं मी घेतो.”

मीही हो म्हणालो. पण मला ती बाकावर नको होती. मला ती टीव्हीशेजारी हवी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला दुसरं काही दिसत नव्हतं.

पांढरी मोहरी त्यांची होती. प्यादं एक घर, उंट कडेला, घोडा बाहेर. सदतीस वर्षं पाहिलेली खिडकी माझ्यासमोर पुन्हा उघडली. मला तिचा कोपरा न् कोपरा माहीत होता, तरीही मी मार खाल्ला. पंधराव्या-सोळाव्या चालीपर्यंत माझा एक घोडा फुकट गेला होता आणि त्यांचा वजीर माझ्या राजाच्या अंगावर येऊन बसला होता. त्यांचं एकच काम राहिलं होतं, मधोमध बसलेल्या राजाला किल्लेकोट करून सुरक्षित करायचं. ते झालं की माझा खेळ खलास.

मी माझा उंट दुसऱ्या टोकाला नेला. तिथून तो तिरका मारा करत थेट त्यांच्या राजाशेजारच्या घरावर येत होता. राजाच्या वाटेतलं घर माऱ्याखाली आलं आणि किल्लेकोट बंद झाला.

एवढंच असतं तर तो साधा खेळ होता. पण ती चाल खेळायच्या आधी, उंट हातात असतानाच, मला पुढचं सगळं दिसलं होतं. किल्लेकोट बंद आहे म्हटल्यावर भाऊ राजाला खिडकीत उडी मारायला लावतील. मी हात वर करेन. उडी रद्द होईल, पण राजाला हात लागलेला असेल, म्हणून राजाच हलवावा लागेल. आणि राजाला जायला एकच घर उरलेलं होतं. तिथे तो गेला की माझा उरलेला घोडा एका चालीत त्याला शह देत होता आणि त्याच चालीत वजीरही धरत होता. मी हे सगळं मोजलं, दोनदा तपासलं आणि मग उंट ठेवला. जी चूक मी तीन गुरुवार पोटात घातली होती तिच्या भरवशावर मी तो डाव खेळलो. ज्या माणसाने मला खेळ शिकवला त्याला मी समोरून हरवू शकत नव्हतो, म्हणून मी त्याला न सांगितलेल्या गोष्टीने हरवलं.

गुलाबभाऊ पटावर वाकले. ओठ हलवत घरं मोजली. किल्लेकोटासाठी राजाकडे गेलेला हात त्यांनी वरच्यावर थांबवला आणि मान हलवली. वाटेतलं घर माऱ्याखाली आहे, हा मी शिकवलेला नियम त्यांना बरोबर आठवला होता. मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. त्यांनी राजा उचलला, अडीच घरं उडवून खिडकीत ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं. हॉलमध्ये बोलायचं नाही, म्हणून अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “बसला राजा हवा खात.”

मी हात वर केला.

पंच म्हणून चंद्रशेखर नावाचा बुलढाण्याचा एक तरुण इंजिनिअर होता. तो लगबगीने आला. “काय झालं, सर?”

“नियमबाह्य चाल,” मी म्हणालो. पोरांच्या वहीवर बोलायचो त्याच आवाजात.

“कायची नियमबाह्य?” गुलाबभाऊंनी विचारलं.

चंद्रशेखरने पट पाहिला. “आजोबा, राजा एकच घर चालतो. अशी उडी नाही मारता येत.”

“एकडाव तं मारता येते नं, शह नसला तं?”

“नाही आजोबा. तो गावाकडचा नियम झाला. इथे नाही चालत.”

आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवरची पोरं वळून पाहत होती. एक जण खुदकन हसला. गुलाबभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पंचाकडेही पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“देवा, तू तं चालू देत होता.”

चंद्रशेखरने राजा परत जागेवर ठेवला, माझ्या घड्याळात दोन मिनिटं वाढवली आणि म्हणाला, “हात लागलाय, आजोबा. आता राजाच हलवावा लागेल.” गुलाबभाऊंनी बराच वेळ ते एकमेव घर पाहिलं. मग राजा तिथे ठेवला. मी घोडा खेळलो. शह आणि वजीर. त्यांनी डाव पुढे ओढला नाही. हात पुढे केला आणि चंद्रशेखरला विचारलं, “हरल्यावर हात मिळवा लागते नं? का तेही चालत नाही?” ते टोमण्याने बोलले नव्हते. त्यांना खरंच आता कशाचीच खात्री राहिली नव्हती.

ढाल मला मिळाली. फोटोत मी हसतो आहे.

परतीच्या बसमध्ये त्यांनी शालूबाईंनी दिलेला डबा उघडला आणि अर्धी भाकर, ठेचा माझ्या हातावर ठेवला. ढाल माझ्या पायाशी पिशवीत होती. खामगावचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

“तुले माहीत होतं नं, उडी चालत नाही ते?”

तिथे तरी खरं बोलायचं होतं. मी म्हणालो, “सांगायचं लक्षातच राहिलं नाही, भाऊ.”

“हाव,” ते म्हणाले. “होते असं.” आणि डब्याचं झाकण लावलं.

पुढचे दोन गुरुवार मी उंद्रीला गेलो नाही. गुडघा दुखतो, असं गोकुळला फोनवर सांगितलं. घरी ढाल टीव्हीशेजारी बसली होती आणि मी टीव्ही बघायचं सोडून दिलं होतं. शेवटी महामायाच वैतागली. “एवढ्या वर्षांनी आणली आणि तिच्याकडे पाठ करून जेवता. जाऊन या एकदा, काय बोलायचं ते बोलून.” तिला मी सगळं सांगितलं होतं. तिने मला दोष दिला नाही आणि माझी बाजूही घेतली नाही.

तिसऱ्या गुरुवारी गेलो. बसमध्ये सगळं ठरवून ठेवलं होतं, पहिलं वाक्य काय, दुसरं काय. गुलाबभाऊ एका मोटारीत तार भरत होते. मला पाहून त्यांनी हात पुसले आणि बाक झटकला.

“या, गुरुजी.”

मी उंबऱ्यातच थांबलो. मला वाटलं मागून गावातलं दुसरं कोणी आलं आणि त्यानेच हाक मारली. पण मागे कोणी नव्हतं.

“बसा नं. डाव मांडू,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यावर काही बोलू शकलो असतो.

पट मांडला. त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. “काजलनं दाखवलं मोबाइलवर,” ते म्हणाले. काजल म्हणजे त्यांची नात. उंट बाहेर, घोडा बाहेर, आणि सातव्याच चालीला किल्लेकोट. घोड्यापुढचं प्यादं जागच्या जागी होतं. खिडकी कुठेच नव्हती. मध्येच एकदा प्यादं उचलण्याआधी त्यांनी विचारलं, “हे चालते नं, गुरुजी?” एकदा नाही, तीनदा विचारलं. ज्या चाली ते पन्नास वर्षं डोळे झाकून खेळले, त्या चालींबद्दलही विचारलं.

मला ते सहन झालं नाही. ठरवलेली वाक्यं बाजूलाच राहिली. “गुलाबभाऊ, मी खोटं बोललो. मला माहीत होतं. शिकवतानाही माहीत होतं आणि तिथे उंट ठेवतानाही माहीत होतं. मी मुद्दाम केलं ते.”

त्यांनी मान हलवली. “मले तवाच समजलं. बसमंदी तुम्ही भाकर खाल्लीच नाही.” मग म्हणाले, “जाऊ द्या. तुम्ही नियमानंच तं खेळले.”

“मला तुम्ही म्हणू नका, भाऊ.”

“गुरुजीले काय म्हणाचं मंग?” असं म्हणून त्यांनी हत्ती सरकवला. “चला. तुमची चाल हाय.”

माझा राजा अजून मधोमध होता. मला एकच गोष्ट सुचली. मी राजा उचलला, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारली आणि तो पलीकडे ठेवला. मनात आलं, आता ते हसतील. आता म्हणतील, काय बे देवा. हात राजावरच ठेवून मी म्हणालो, “बसला राजा हवा खात.”

गुलाबभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. माझा हात हळूच बाजूला केला, राजा उचलला आणि जिथून मी उचलला होता त्याच घरात नीट मधोमध ठेवला.

“हे चालत नाही, गुरुजी,” ते म्हणाले. “हात लागला. आता राजाच हलवा लागते.”

मी राजा एक घर सरकवला.